पार्किंगमधली होडी

एकत्र राहायला लागलं की माणसाला पहिल्यांदा कळतं, रविवार केवढा मोठा असतो ते. एकट्याचा रविवार कसाही घालवता येतो. उशिरा उठायचं, कपडे भिजत टाकायचे, ते धुवायला हवेत या विचारात पुन्हा आडवं व्हायचं, की झाली संध्याकाळ. दोघांचा रविवार तसा नसतो. तो सकाळीच चहाच्या कपाशेजारी येऊन बसतो आणि आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत राहतो.

आम्ही दोघं चाळिशी ओलांडल्यावर एका घरात राहायला आलो. लग्नाचं विचारणाऱ्यांना आम्ही "बघू" म्हणायचो आणि विचारणारेही "बघा, बघा" म्हणून गप्प बसायचे. फक्त आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची पंचाईत व्हायची. "तुमच्या ह्या..." एवढं म्हणून ते थांबायचे, खाकरायचे, आणि वाक्य पाण्याच्या टाकीकडे वळवायचे.

ती कानाच्या दवाखान्यात काम करते. एका बंद काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि बारीक बारीक आवाज सोडून "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणायचं, हे तिचं दिवसभराचं काम. मी घरगुती यंत्रांच्या खोक्यातून येणारी माहितीपत्रकं लिहितो. 'ओल्या हाताने बटण दाबू नये' हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल तर ते बहुधा माझं असतं. वाचलं नसेल याची मला खात्री आहे. लिहायला लागल्यापासून मला भेटलेला एकमेव वाचक म्हणजे छापखान्यातला माणूस, आणि तोही पगारी.

नव्या घराची अनामत, सामानाचा टेंपो, आणि दारातून आत न आल्यामुळे जिन्यातच पडेल त्या भावाला विकावं लागलेलं माझं कपाट, यात आमची शिल्लक पार आटली होती. म्हणून फिरायला तर जायचं, पण खिशात हात घालायचा नाही, असं धोरण ठरलं. धोरण माझं. ती नुसती "बरं" म्हणाली.

पहिल्या रविवारी आम्ही संग्रहालयात गेलो. रविवारी प्रवेश फुकट असतो असं कळलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की फुकट असतो म्हणूनच रविवारी ते बंद ठेवतात. दुसऱ्या रविवारी मला एक अफलातून कल्पना सुचली. शहराबाहेर नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथे बघायला येणाऱ्यांसाठी एक फ्लॅट सजवून ठेवलेला असायचा. गारेगार हवा, मऊ सोफे, सरबत; आणि घर बघायला पैसे पडत नाहीत. आम्ही दोन तास त्या घरात राहिलो असं म्हटलं तरी चालेल. ती खिडकीशी उभी राहून लांबचे डोंगर बघत होती. मी विक्री करणाऱ्या तरुणाशी बोलत होतो आणि बोलता बोलता इतका रंगलो, की अभ्यासिकेची भिंत दोन फूट मागे सरकवायला लावली. पुढचे कित्येक महिने त्याचे फोन येत राहिले. "सर, भिंत सरकवली," असं तो एकदा म्हणाला तेव्हा मी फोनच बंद करून ठेवला.

मग ती एकदा हळूच म्हणाली, "दर वेळी दोघांनीच कशाला काही करायला हवं? आपापला एकेक छंद असावा माणसाला."

मला कल्पना एकदम पटली. इतकी पटली, की तिने चित्रं काढायला घेतली त्या दिवशी मीही शेजारी वही घेऊन बसलो. तिने शीळ शिकायला घेतली तर मी दुसरा आवाज लावला. कुंडीत काही पेरलं तर ते उगवलं का हे तिच्याआधी मी माती उकरून बघत असे. माणसाने आपल्या माणसाच्या आवडीत रस घ्यावा, असं माझं प्रामाणिक मत होतं.

शेवटी तिने तुकडे जुळवून चित्र तयार करायचा एक खोका आणला. समुद्रकिनारा, दोन माणसं, आणि वर अर्ध्याहून जास्त नुसतं आकाश. किनारा तिने लवकर लावून टाकला. आकाश मात्र ती पुरवून पुरवून लावायची. सगळे तुकडे एकाच निळ्या रंगाचे. ती दवाखान्यातून आली की जमिनीवर पालथी पडायची, एखादा तुकडा उजेडाकडे धरायची, खूप वेळ त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा खाली ठेवायची. कधी कधी दिवसाला एकच तुकडा लागायचा. मला तिची दया आली.

एका शनिवारी तिची सकाळची पाळी होती आणि मला सुट्टी. मी ठाण मांडून बसलो. मान मोडली, डोळ्यांपुढे निळं निळं झालं, पण ती यायच्या आत आकाश पुरं केलं. दार उघडल्या उघडल्या मी बाजूला सरकलो आणि जादूगारासारखा हात पसरला.

ती चप्पल न काढता उभी राहिली.

"आकाश कुणी लावलं?"

"कुणी म्हणजे? मीच! म्हटलं, तुझी सुटका करावी एकदाची."

ती आत गेली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग येऊन खुर्चीवर बसली आणि हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मी माझी जुनी खोली अजून सोडलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भाडं भरते. हल्ली रविवारी दुपारी मैत्रिणीकडे जाते सांगते ना, तेव्हा तिथे जाते."

"कुणाला भेटायला?"

"कुणालाच नाही. तेच तर."

 यंत्र अचानक बंद पडल्यास काय करावे, यावर मी आजवर शेकडो परिच्छेद लिहिले असतील. त्यातला एकही आठवेना.

"मी एवढा त्रास देतो?" मी शेवटी विचारलं.

"त्रास नाही रे. तू चांगलाच आहेस." ती म्हणाली. "पण तू सतत आहेस."

आमच्या दोघांमध्ये ते पुरं झालेलं आकाश जमिनीवर पडलं होतं.

"घरमालकीण विचारतेय," ती म्हणाली, "खोली ठेवणार की सोडणार. महिनाअखेरीला सांगायचंय. मला काय सांगावं कळत नाहीये. तू असं कर, स्वतःचं काहीतरी शोध. मला न विचारता, माझ्याशिवाय. मलाही बघू दे, जमतंय का."

मी तडक घराबाहेर पडलो. स्वतःचं काहीतरी शोधायला सांगणं म्हणजे एक प्रकारे मला घराबाहेर काढलंच होतं, पण अपमान झालेला माणूस स्वतःहून निघाला असं दिसावं म्हणून मी दार जरा जोरात लावलं. ते पूर्ण लागलं नाही. परत येऊन हळू लावावं लागलं.

चालता चालता सार्वजनिक बागेत पोचलो. बागेतलं तळं दुरुस्तीसाठी कोरडं केलं होतं आणि तळाशी चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या. बागेचा मुकादम त्या कुऱ्हाडीने फोडून घेत होता. नव्या होड्या येणार होत्या म्हणे, प्लॅस्टिकच्या, बदकाच्या आकाराच्या. मी काठावर उभा राहून बघत होतो. एक होडी अजून शाबूत होती. रंग उडालेला, एका बाजूला फट, आणि टोकावर पांढऱ्या अक्षरात सात आकडा. ती तशी तिरकी पडून वर आकाशाकडे बघत होती आणि माझी मनःस्थितीही साधारण तशीच होती.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

"सरपण," मुकादम म्हणाला. "तुम्हाला हवी का? फुकट न्या. मात्र आजच्या आज."

घरात एवढ्यातेवढ्यावर भांडायला घाबरणारा माणूस असा काही निर्णय घेतो तेव्हा त्याला वाटतं, आपल्यात कुणीतरी दुसराच राहतोय. मी "हवी" म्हणालो.

दिवेलागणीला टेंपोतून होडी आमच्या इमारतीत उतरली. टेंपोवाल्याने ती आम्हाला मिळालेल्या पार्किंगच्या जागेत ठेवली. गाडी आमच्याकडे नव्हतीच, त्यामुळे जागा रिकामी होती आणि होडी तिथे अशी बसली, जणू मापं घेऊनच जागा आखली होती. मी वर जाऊन तिला एवढंच सांगितलं, "मला छंद मिळाला."

"काय?"

"सांगायचं नाही ना?"

ती हसली. गॅलरीतून खाली डोकावली असती तर तिला दिसलंच असतं, पण ती डोकावली नाही. तत्त्वाला ती पक्की आहे.

बाकी इमारत मात्र डोकावली. सकाळी मी खाली गेलो तर होडीभोवती घोळका होता. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते वाकून फटीत विजेरी मारून बघत होते.

"कीड आहे," ते म्हणाले. "आतपर्यंत गेलीय. आधी साफ करावं लागेल, मग भरावं लागेल."

"दुखेल का?" मी उगाच विचारलं.

"आता नाही दुखणार, मेलेलं लाकूड आहे." डॉक्टर विनोद समजून घेत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भूमितीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "डावी बाजू उजव्याशी समांतर नाही. ही गोल गोल फिरेल." आणि सेक्रेटरी तर बनियनवरच आले.

"हे काय आहे?"

"होडी."

"ते दिसतंय मला. पार्किंगमध्ये का आहे? पार्किंग वाहनासाठी असतं."

"होडी वाहनच आहे की."

"वाहन कशाला म्हणायचं? ज्याला नंबर असतो त्याला."

मी टोकाकडे बोट दाखवलं. सेक्रेटरींनी सात आकडा पाहिला. घोळक्यात कुणीतरी खुदकन हसलं आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की आपण जिंकलो, पण महागात पडणार.

तसंच झालं. सेक्रेटरींनी मला वाहन नोंदणीच्या कचेरीतून 'हे वाहन आहे' असं लिहून आणायला सांगितलं. तिथल्या खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "चाकं किती?"

"एकही नाही."

"चोरीला गेली का?"

"नाही, मुळातच नाहीत. होडी आहे."

आता त्यांनी मान वर केली. "मग ते वाहन नाही."

"मग काय आहे?"

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना विचारलं, साहेबांनी पलीकडच्या साहेबांना. बराच खल होऊन उत्तर आलं, की जमिनीवर ठेवलेली, चाकं नसलेली, बसायला फळ्या असलेली लाकडी वस्तू म्हणजे फर्निचर. मी हे सेक्रेटरींना सांगायला नको होतं. पण खरं बोलायची खोड. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. सामायिक जागेत फर्निचर ठेवायला तर साफ मनाई होती. "महिनाअखेरीपर्यंत हलवा," ते म्हणाले, आणि समजुतीने पुढे म्हणाले, "तुमच्या ह्या... त्यांनाही त्रासच होत असेल."

महिनाअखेर! सगळ्या जगाने आपापले निकाल त्याच दिवशी लावायचे ठरवलेले दिसत होते.

मी कामाला लागलो. ऑफिसातून आलो की थेट पार्किंगमध्ये. डॉक्टरांनी फट कोरून दिली, इतक्या नाजूक हातांनी की मधेच ते होडीला "आ करा" म्हणतील असं वाटायचं. भूमितीच्या बाईंनी दोरी धरून दोन्ही बाजू मोजल्या आणि डाव्या बाजूला एक पट्टी ठोकायला लावली. कापूस डांबरात भिजवून फटीत दाबायचा असतो हे मला माझ्या ताईने फोनवर सांगितलं. तिने आयुष्यात होडी जवळून पाहिलेली नाही, पण ती मोठी बहीण आहे. "आणि निळा रंग दे," ती म्हणाली. मी हिरवा दिला. निळ्याची मला धास्ती बसली होती.

हळूहळू एक गोष्ट घडायला लागली. काम आटोपलं की मी होडीत जरा टेकायचो. मग जरा आडवा व्हायचो. पार्किंगच्या वरच्या झरोक्यातून उतरतं ऊन यायचं. टाकीतून गळणाऱ्या पाण्याचं तिथे एक डबकं असायचं आणि त्यावरून उडालेला उजेड छतावर थरथरत राहायचा. खाली पडून बघितलं की वाटायचं, छतच पाणी आहे आणि आपण त्याच्याखाली कुठेतरी संथ निघालोय. गाड्या यायच्या, दारं आपटायची, कुणी "काय, पोचलात का?" म्हणून जायचं. मी उत्तर देत नसे. कुठे जायचंय हेच ठरलेलं नसल्यामुळे पोचण्याची घाई नव्हती. एरवी मला कुठल्याही गोष्टीच्या पुढचं कलम काय, ते सुचत असतं. तिथे काही सुचायचं नाही. डोक्यात नुसतं हलकं हलकं पाणी.

एकदा डोळे उघडले तर जिन्याच्या पायरीवर ती बसलेली. हातात भाजीची पिशवी.

"कधी आलीस?"

"मघाशी. तू बोलावलं नव्हतंस, म्हणून जवळ नाही आले."

"मग ये ना."

"नको. तुझी आहे ती," असं म्हणून ती वर निघून गेली. मला दोन्ही वाटलं. तिने यावं असंही, आणि बरं झालं नाही आली, असंही. हे दुसरं वाटलं तेव्हा मी दचकून उठून बसलो. अरेच्चा, म्हणजे हे असं असतं होय!

बागेत परत गेलो तर तळ्यात पाणी आणि पाण्यात बदकं आली होती, प्लॅस्टिकची. खासगी होडीला परवानगी नाही, असं मुकादम म्हणाला. "पण शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे जलाशय आहे बघा. तिथे काय काय करू नये त्याचा मोठा फलक आहे. पण होडीचं काही लिहिलेलं नाही." मी स्वतः जाऊन फलक वाचला. पोहू नये, कपडे धुऊ नयेत, गुरं आणू नयेत, कचरा टाकू नये. मुद्देसूद फलक होता. होडीचं कलम लिहिणाऱ्याच्या हातून सुटलं होतं. व्यवसायबंधूच्या त्या चुकीबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी होडी आणि मुकादमाने तिच्याबरोबर दिलेली दोन वल्ही टेंपोत चढली. आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, "मी आले तर चालेल का? तुझा छंद आहे म्हणून विचारतेय." मी शक्य तितक्या सहजपणे "ये की" म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या डब्यांची झाकणं उगाच घट्ट करत बसलो.

मला वाटलं होतं, आम्ही दोघं जाऊ. टेंपोत चढून बघतो तर डॉक्टर, बाई, आणि चक्क सेक्रेटरी.

"होडी खरोखर गेली याची खात्री करून घ्यायला आलोय," सेक्रेटरी म्हणाले. डोक्यावर टोपी आणि गळ्यात दुर्बीण होती.

जलाशय मोठा होता. पलीकडचा काठ धूसर दिसत होता आणि त्यावर पंपघराचं एक छोटंसं कौलारू घर. वारा अगदी मंद. होडी पाण्यात लोटली आणि ती तरंगली! मी इतका वेळ तिची डागडुजी केली होती, पण ती तरंगेल असं मला मनातून वाटलेलंच नव्हतं हे तेव्हा कळलं.

आधी कोण बसणार, यावर सगळ्यांनी एकमेकांना फार मान दिला. शेवटी आम्ही दोघंच बसलो. डॉक्टर काठावर उभे राहून वल्ही कशी मारायची ते करून दाखवत होते. मनगट असं, कोपर असं. आमचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे असतानाच सेक्रेटरींनी मागून होडीला ढकललं. इमारतीतल्या कुठल्याही कामात मी त्यांना एवढा जोर लावताना पाहिलं नव्हतं. होडी सुळ्ळकन आत गेली आणि बरंच आत गेल्यावर आमच्या ध्यानात आलं, की दोन्ही वल्ही डॉक्टरांच्या हातात आहेत.

काठावर एकच गलका झाला.

"हातांनी मारा!" डॉक्टर ओरडले.

"डावीकडे झुका! डावीकडे! तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!" बाई ओरडल्या.

"घाबरू नका!" सेक्रेटरी सगळ्यात घाबऱ्या आवाजात ओरडले. मग दुर्बीण डोळ्याला लावून त्यांनी आम्हाला आमचंच वर्णन सांगायला सुरुवात केली. "तुम्ही आता मध्यावर चाललात! तुमच्या ह्या बसल्या आहेत! तुम्ही उभे आहात, खाली बसा!"

मी खाली बसलो. हातांनी पाणी मारलं तर बाईंचं भाकीत खरं ठरलं. होडी स्वतःभोवती संथपणे फिरली. डोंगर आले, गेले, काठावरची माणसं आली, गेली, पंपघर आलं, गेलं. मी हात बाहेर काढले. वारा आम्हाला नेत होता. त्याला कुठे जायचंय ते ठाऊक असावं.

"माफ कर," मी म्हणालो. "वल्ह्यांचं मी बघायला हवं होतं. आता असं करू, आधी..."

"शू," ती म्हणाली.

ती मान किंचित वाकडी करून ऐकत होती. काठावरचे आवाज अजून येत होते, पण शब्द गळून पडले होते. नुसते उंच, मधले आणि जाड आवाज उरले होते. मग उंच आवाज गेला. मग मधला. शेवटी सेक्रेटरींचा जाडा आवाज तेवढा कुठूनतरी पाण्यावरून घरंगळत येत राहिला, आणि तोही गेला.

"आता काहीच नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता, की मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि पहिल्यांदाच मला काही सुचवावंसं वाटलं नाही.

डांबर भरलेल्या जागेतून पाणी झिरपायला लागलं होतं. मी घरून आणलेल्या एका रिकाम्या डब्याने ते हळूहळू उपसत होतो, आवाज होऊ न देता. ती होडीच्या टोकाला डोकं टेकून पडली. ढगांच्या सावल्या पाण्यावरून आमच्या अंगावर येत होत्या आणि उतरून जात होत्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

"खोलीत मी काय करते, विचारलं नाहीस कधी," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"विचारायचं मनात आलं होतं."

"काही करत नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी शिवणयंत्र चालवतं. ते ऐकत पडते. आठवडाभर मी लोकांना विचारते, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. तिथे मला कुणी काही विचारत नाही."

मी काही विचारलं नाही. डबा भरला, बाहेर ओतला.

"तू पार्किंगमध्ये असा पडलेला असतोस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला तू फार आवडतोस. आपल्याला न दिसणारं काहीतरी बघत असल्यासारखा."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. मी ते पाण्याबरोबर बाहेर ओतलं.

पलीकडच्या काठाला लागेपर्यंत होडीत घोट्यापर्यंत पाणी झालं होतं. होडी गाळात रुतली आणि एक सुस्कारा टाकावा तशी एका कुशीवर बसली. पंपघरातला माणूस काठावर येऊन कमरेवर हात ठेवून उभा होता. पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार.

"वल्ही कुठायत?" त्याने विचारलं.

"पलीकडे."

त्याने पलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेला.

ती व्हरांड्यात ओले पाय उन्हात धरून बसली. मी कप ठेवायला मागे गेलो तर तिथे लोखंडाचं एक प्रचंड चाक होतं, माझ्याहून उंच. कालव्याचा दरवाजा त्या चाकाने उघडायचा. "दर रविवारी पाणी सोडायचं असतं," तो माणूस म्हणाला. "जोडीदार निवृत्त झाला. एकट्याला जड जातं. लावता का हात?" आम्ही दोघांनी मिळून ते फिरवलं. आधी काहीच झालं नाही. मग जमिनीच्या पोटातून एक घुमारा आला, दगडांच्या भिंतीखालून पाणी फुटलं आणि पांढरं होऊन कालव्यातून धावत सुटलं. त्यावरून येणारा गार वारा तोंडावर घेत मी तिथे उभा राहिलो. हाताला गंज लागला होता. पाण्याच्या आवाजात तो माणूस काहीतरी म्हणाला, त्याच्या ओठांवरून कळलं, "पुढच्या रविवारी?"

मी मान डोलावली.

जलाशयाला वळसा घालून टेंपो पोचला तेव्हा तिघंही उड्या मारून उतरले. डॉक्टरांच्या हातात अजून वल्ही होती. सेक्रेटरी रडवेले झाले होते. गाळातली होडी बघून तर त्यांना फारच वाईट वाटलं. "न्या हो परत," ते म्हणाले. "ठेवा पार्किंगमध्ये. मी बघतो कोण काय म्हणतं ते." पण होडी पंपघरवाल्याला पसंत पडली होती. गाळ सुकला की वर ओढून आत मिरच्या लावीन म्हणाला. मी वल्ही तेवढी डॉक्टरांना ठेवून घ्यायला सांगितली. त्यांना ती सोडवत नव्हती.

परतताना आम्ही दोघं टेंपोच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलो. रस्ता आमच्यापासून लांब लांब जात होता आणि त्यावर संध्याकाळ उतरत होती.

"मी घरमालकिणीला सांगणार आहे," ती म्हणाली, "की खोली ठेवते म्हणून."

मी फळीची कड घट्ट धरली. पण ती पुढे म्हणाली, "राहायला घरीच. तुझ्याकडे. खोली नुसती रविवार दुपारपुरती. चालेल?"

"मग फिरायला पैसे उरायचे नाहीत."

"आत्ता कुठे होते?"

"चालेल," मी म्हणालो, आणि ते खरंच चालणार होतं. हे मला माझ्याच आवाजावरून कळलं. तिलाही कळलं असणार. तो तिचा धंदाच आहे.

थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "मी नसले की तू काय करशील रे दर रविवारी?"

कालव्याचं ते पांढरं पाणी अजून माझ्या कानांत धावत होतं. सगळं तोंडाशी आलं होतं. चाक केवढं, गंज कसा, घुमारा कुठून येतो, सगळं.

"बघू," मी म्हणालो.

तिने मान उचलून माझ्याकडे निरखून पाहिलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो, तोंड शक्य तितकं कोरं ठेवून. तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे जन्मात पहिल्यांदा काहीतरी होतं, आणि ते सांभाळताना मला इतका आनंद होत होता, की टेंपो घरासमोर उभा राहिला तरी मी पाय हलवतच बसलो होतो.